मागवलेलं बी उगवतच नाही, किंवा भलतंच उगवतं: चूक कुणाची ते कसं शोधायचं

पाकीट फोडलं, बी पेरलं, तीन आठवडे रोज पाणी शिंपडलं आणि मातीत काहीच हललं नाही. मग दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवलं, तरी तेच. ज्यांच्या वाट्याला हे पुन्हा पुन्हा येतं त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी स्वतः दोन हंगाम यात घालवले. पहिल्या हंगामात सगळा दोष स्वतःला दिला आणि दुसऱ्यात सगळा विक्रेत्याला. दोन्ही वेळा माझा अंदाज चुकला, कारण हातात पुरावाच नव्हता. पूर्ण पाकीट थेट मातीत गेलं की बी मेलेलं होतं, खोल पडलं, कुजलं की मुंग्यांनी नेलं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पेरणीच्या कितीतरी आधी, पाकीट हातात येतं त्याच दिवशी कामाला लागायचं.

पहिल्या दिवशीच

पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. लॉट नंबर (बी कुठल्या खेपेतलं ते सांगणारा क्रमांक), तारखा, वजन किंवा बियांची संख्या फोटोत स्पष्ट वाचता आली पाहिजे. पाकीट फाडताना नेमका तारखेचा कोपरा कचऱ्यात जातो आणि तक्रार करायची वेळ आली की तोच लागतो. मग बिया पांढऱ्या कागदावर ओता आणि नीट बघा. सगळ्या एकाच जातीच्या दिसतात का? काड्या, भुसा, पोचट बिया किती आहेत? कुठे बारीक छिद्रं, जाळं किंवा बुरशी आहे का?

त्यानंतर ओल्या कागदाची चाचणी. टिश्यू पेपरचे दोन पदर ओले करून हलकेच पिळा. उचलल्यावर थेंब पडता कामा नये. नवख्यांची चूक बहुधा इथेच होते: कागद चिंब असला की बीला हवा मिळत नाही, ते नासतं आणि बिचारा विक्रेता बदनाम होतो. त्यावर २० बिया एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडा, वरून कागद दुमडा, झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यावर नाव आणि तारीख लिहा. ज्या बियांना रुजायला उजेड लागतो त्यांचा डबा पारदर्शक हवा आणि कागदाचा एकच पदर खाली हवा.

दोन-तीन दिवसांनी उघडून बघा. जिवंत बी आधी फुगतं, मग त्याचं कवच एका टोकाला तडकतं आणि तिथून पांढराशुभ्र ठिपका डोकावतो. दुसऱ्या दिवशी तो ठिपका वाकडा होऊन खाली वळलेला दिसतो, तेच पहिलं मूळ. मेलेलं बीसुद्धा पाणी शोषून फुगतं, पण बोटाने दाबलं की पिचकतं आणि त्यावर करडी लव धरते. तिसराही प्रकार असतो: आठवडा झाला तरी बी कोरडं, टणक, जसंच्या तसं. हे मेलेलं असेलच असं नाही. त्याचं कवच पाणीच आत घेत नसेल. असं बी पॉलिश पेपरवर हलकेच घासून पुन्हा ओलं करून बघायचं.

थांबायचं किती, हे पिकावर आहे. काकडी आणि झिनिया उबदार जागेत आठवड्याच्या आत मोड दाखवतात. टोमॅटोला ५ ते १० दिवस पुरतात. मिरची तीन आठवडे लावू शकते, आणि खोली गार असेल तर त्याहूनही जास्त. पार्सलीला तर महिनाभराचा धीर लागतो.

आकडा वाचताना जरा सबुरी ठेवा. समजा बियांची उगवण खरोखरच ८० टक्के आहे. त्यातल्या १० बिया घेतल्या तर साधारण आठ वेळांतून एकदा सहा किंवा त्याहून कमीच उगवतील, तेही बियांचा काही दोष नसताना. म्हणून १० ऐवजी २० घ्या आणि पाकीट मोठं असेल तर ५० घ्या. १९२४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेच्या नियमांनुसार प्रयोगशाळेत उगवण चाचणीसाठी ४०० बिया लावतात. घरात तेवढं करायची गरज नाही, पण २० पैकी १५ उगवल्या म्हणून कुणाला फसवा ठरवू नका. २० पैकी ३ उगवल्या तर मात्र बोलायला जागा आहे.

काहीच उगवलं नाही

सगळ्यांत आधी वय बघा. कांदा आणि पार्सनिपचं बी वर्ष-दोन वर्षांत दम सोडतं. मिरची दोन-तीन वर्षं बरी राहते, टोमॅटो आणि काकडी नीट ठेवली तर चार-पाच वर्षंही. म्हणजे ‘दोन वर्षांपूर्वीचं बी’ हे वाक्य टोमॅटोसाठी किरकोळ आहे आणि कांद्यासाठी जवळजवळ निकाल. पाकिटावर नुसती ‘पॅकिंगची तारीख’ असेल तर तिच्यावर विसंबू नका. बी काढणीला कधी आलं, त्याची चाचणी कधी झाली आणि ते पाकिटात कधी भरलं, या तीन वेगळ्या तारखा असतात. जुन्या पोत्यातलं बी काल पाकिटात भरलं की पॅकिंगची तारीख कालचीच पडते. मला हवी असते ती चाचणीची तारीख आणि तिच्या शेजारी उगवणीची टक्केवारी.

वयाइतकीच साठवणही महत्त्वाची. बीजशास्त्रात हॅरिंग्टन यांच्या नावाने एक ढोबळ नियम सांगतात: बीमधला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने उतरलं की पुन्हा दुप्पट. हाच नियम उलटा वाचून बघा. गरम, दमट गोदामात पडून राहिलेलं पाकीट वरून कोरं करकरीत दिसतं, पण आतलं बी म्हातारं झालेलं असतं. विक्रेता बी कसं साठवतो हे विचारण्यात संकोच करू नका. ज्याने खरंच काळजी घेतली आहे तो आनंदाने सांगतो.

आता दुसरी बाजू, जिथे बी उत्तम असतं आणि आपणच चुकतो. माझ्या मावशीने पेट्युनिया मागवला होता. तिचा फोन आला, “अगं, यांनी मला फसवलं. पाकिटात नुसती धूळ आहे.” मी म्हटलं, “मावशी, ती धूळ टाकू नकोस, तेच बी आहे.” पेट्युनियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया मावतात. तिने आधीच्या वर्षी तीच ‘धूळ’ बोटाच्या पेरभर खोल पुरली होती, आणि या बीला रुजायला उजेड लागतो. तिला सांगितलं की ओल्या मातीवर नुसतं भुरभुरव, वर माती टाकू नकोस, काचेने झाक. बाराव्या दिवशी तिने फोटो पाठवला: टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी जोडपानं, शेकड्यांनी.

लेट्यूसचंही तसंच. त्याच्या बऱ्याच वाणांना उजेड लागतो, आणि माती ३० अंशांच्या वर तापली की त्याचं बी झोपून राहतं. लव्हेंडर आणि गुलाबाच्या बियांना ओल्या गारव्यातून जावं लागतं. लव्हेंडरला फ्रीजमध्ये काही आठवडे, गुलाबाला दोन-तीन महिने. ते न करता पेरलं तर एखाद-दुसरंच उगवतं, किंवा काहीच नाही. स्वीट पीचं कवच कडक असतं, ते रात्रभर भिजवलं किंवा थोडं घासलं की फरक पडतो.

मला इथे विक्रेत्याचा खरा कस दिसतो. गारव्याची गरज असलेलं बी विकताना जो ते पाकिटावर लिहितो, तो गिऱ्हाइकाच्या कुंडीपर्यंत विचार करतो. जो सगळ्याच पाकिटांवर ‘अर्धा इंच खोल पेरा, ७ ते १० दिवसांत उगवेल’ असा एकच मजकूर छापतो, त्याला आपण काय विकतो आहोत याचा पत्ता नसतो.

उगवलं, पण भलतंच

इथे घाई नडते. मातीतून वर येणारी पहिली जोडी ही बहुधा खरी पानं नसतात, ती बीजदलं असतात, आणि ती मोठ्या झाडाच्या पानांसारखी जवळजवळ कधीच दिसत नाहीत. टोमॅटोची बीजदलं लांबट, टोकदार असतात. कोबी, मुळा, मोहरीची हृदयाच्या आकाराची. कांद्याचं रोप तर हेअरपिनसारखं दुमडून वर येतं आणि गवत समजून उपटलं जातं. निदान दोन-तीन खरी पानं फुटेपर्यंत निकाल देऊ नका.

एक फरक मात्र पहिल्याच दिवशी कळतो, तो एकदलाचा आणि द्विदलाचा. माझ्या पहिल्या लव्हेंडरच्या ट्रेमध्ये गवतासारखी एकेरी, उभी पाती आली. लव्हेंडर द्विदल आहे, त्याला दोन पानांची जोडीच यायला हवी. तरी मी आशेने महिनाभर पाणी घालत राहिले. शेवटी एक पान चुरगळून वास घेतला तर नुसता ओल्या गवताचा वास. नंतर पाकिटात उरलेल्या बिया भिंगाखाली धरल्या: चपट्या, फिकट, कागदासारख्या, लहानमोठ्या. लव्हेंडरचं बी गडद तपकिरी, चकचकीत, लांबट गोल असतं आणि त्याच्या एका टोकाला फिकट ठिपका असतो. हे मी पहिल्या दिवशी बघितलं असतं तर महिना वाचला असता.

तेव्हापासून पेरण्याआधी त्या बीचा खात्रीचा फोटो शोधून शेजारी ठेवते. थोड्या सवयीने डोळा बसतो. टोमॅटोच्या बीवर बारीक लव असते. मिरचीचं बी गुळगुळीत, चपटं, पिवळसर चकतीसारखं. कांद्याचं काळं, कोनदार, सुरकुतलेलं. झेंडूचं काडीसारखं, अर्धं काळं अर्धं फिकट. पण बी बघून जात कळते, वाण कळत नाही. लाल टोमॅटो आणि पिवळा टोमॅटो यांच्या बियांत नजरेला काहीही फरक नसतो.

वाणाची अदलाबदल चांगल्या विक्रेत्याकडूनही होते. २०२३ साली अमेरिकेत अनेकांनी जलापेन्यो या हिरव्या मिरचीचं बी लावलं आणि झाडांना पिवळट, लांब, वेगळ्याच मिरच्या लागल्या. किरकोळ विक्रेते बहुतेक वेळा स्वतः बी पिकवत नाहीत, मोठ्या उत्पादकाकडून घेऊन पाकिटात भरतात. त्यामुळे वर एका ठिकाणी चुकीची चिठ्ठी लागली की ती चूक कितीतरी नावांच्या पाकिटांतून घरोघरी जाते. अशा वेळी दोन दुकानं बदलूनही तीच चूक हाती येऊ शकते. लॉट नंबर जपायला सांगते तो यासाठीच. त्याच्यावरून विक्रेत्याला माग काढता येतो आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना कळवता येतं.

अदलाबदल ही चूक असते. ‘निळ्या गुलाबाचं बी’, ‘सप्तरंगी गुलाबाचं बी’, ‘निळ्या स्ट्रॉबेरीचं बी’ ही मात्र सरळ फसवणूक आहे. निळा गुलाब म्हणून जपानमध्ये २००९ साली जो विक्रीला आला तो जनुकीय बदल करून तयार केलेला होता आणि तरीही त्याचा रंग जांभळटच आहे. सप्तरंगी गुलाब म्हणजे पांढऱ्या फुलाचा दांडा चिरून वेगवेगळ्या रंगांच्या पाण्यात ठेवलेला; तो रंग बियांत उतरत नाही. आणि गुलाब, सफरचंद यांचे नावाजलेले वाण कलमाने किंवा फांदीपासून वाढवतात, कारण बीपासून ते आईसारखे निघत नाहीत. असल्या बिया ज्याच्या यादीत आहेत त्याच्याकडून टोमॅटोसुद्धा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

झुकिनी, भोपळा या वेलवर्गाबद्दल एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. बीसाठी लावलेल्या वेलाला शोभेच्या किंवा रानटी भोपळ्याचे पराग लागले तर पुढच्या पिढीच्या फळांत क्युकरबिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्यं येऊ शकतात. बाहेरून फळ अगदी नेहमीसारखं दिसतं. झुकिनी किंवा भोपळा अनपेक्षित कडू लागला तर तो घास थुंकून टाका. शिजवून हा कडूपणा जात नाही. त्या वेलाचं बी धरू नका आणि विक्रेत्याला त्याच दिवशी कळवा.

पहिल्या वर्षी छान, दुसऱ्या वर्षी बिघडलं

पाकिटावर ‘एफ१’ किंवा ‘संकरित’ लिहिलेलं होतं का ते बघा. असेल तर विक्रेत्याची चूक नाही. दोन ठरावीक वाणांचा संकर करून मिळालेली ती पहिली पिढी असते. तिचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण विखुरतात. १८६६ मध्ये मेंडेलने वाटाण्यावर दाखवलं ते हेच. बी धरायचंच असेल तर सरळ वाण मागा, म्हणजे ज्याच्या बीपासून पुन्हा तसंच झाड येतं असा. आणि ‘ऑरगॅनिक’ हा शब्द बी कसं पिकवलं एवढंच सांगतो. उगवण किंवा वाणाची शुद्धता त्यातून कळत नाही.

उगवून आलं आणि आडवं पडलं

देठ मातीलगत सडून रोप कोलमडलं तर बहुधा तो ‘मर’ नावाचा बुरशीचा रोग असतो, आणि त्याची कारणं: फार ओली माती, कोंदट हवा, दाट पेरणी. यात विक्रेत्याला ओढू नका. मात्र काही रोग बीतून खरोखर येतात. टोमॅटो आणि मिरचीवरचा ब्राऊन रुगोज विषाणू गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक देशांत पसरला, त्यात बियांच्या वाहतुकीचा वाटा आहे. म्हणून कुठूनही, कसंही, कागदपत्रं नसलेलं बी मागवू नये असं मी कळकळीने सांगते.

मग विक्रेता पारखायचा कसा

फोटो आणि तारे यांवरून तर नाहीच. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये लोकांच्या टपालपेट्यांत न मागवलेली बियांची पाकिटं येऊन पडली. पुष्कळ पाकिटांवर चीनच्या टपालाच्या खुणा होत्या. ती पेरू नका असं कृषी खात्यांनी सांगितलं. तपासात मोहरी, कोबी, पुदिना, गुलाब असली साधीच बियाणी निघाली. अमेरिकी अधिकाऱ्यांचा संशय असा की खऱ्या पत्त्यावर काहीतरी स्वस्त पाठवायचं, विक्री झाल्याची नोंद करायची आणि त्या नावाने स्वतःच स्वतःला शाबासकीचे अभिप्राय लिहायचे. अभिप्राय असे तयार होत असतील तर त्यांच्या बेरजेला किती किंमत द्यायची? मी अभिप्रायांत ‘लवकर मिळालं, पॅकिंग छान’ हे सोडून देते आणि तीन-चार महिन्यांनंतर झाडाचा, फुलाचा, फळाचा फोटो टाकून लिहिलेले तेवढेच वाचते. बीचा अभिप्राय पाकीट मिळालं त्या दिवशी देताच येत नाही.

मोठ्या बाजार-ॲपवर मागवत असाल तर तिथे ॲप विकत नसतं, कुणीतरी तिसराच विकत असतो, आणि एकाच उत्पादनाच्या पानावर अनेक विक्रेते असू शकतात. मागच्या वेळी चांगलं निघालं म्हणून तेच पान उघडून पुन्हा मागवलं तरी बी दुसऱ्याकडून येऊ शकतं. विक्रेत्याचं नाव दर वेळी वाचा.

पाकिटावर आणि माहितीत मी काय शोधते? वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वाणाचं नेमकं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख व टक्केवारी, आणि बीवर औषध लावलं आहे का. गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं बी दिसलं की ते प्रक्रिया केलेलं समजावं, हातमोजे घालावेत, मुलांपासून लांब ठेवावं. नुसतं ‘लाल फूल, सुंदर, १०० बिया’ असं असेल तर पुढे जाते.

मग एक प्रश्न पाठवते. साधाच: “या मिरचीचा हा लॉट कधी तपासला आणि किती टक्के उगवला?” उत्तराची वाट बघते. ‘नक्की उगवेल, खात्री बाळगा’ हे उत्तर नव्हे. ‘मार्चमध्ये तपासला, ८४ टक्के’ हे उत्तर आहे. ‘माहीत नाही, बघून सांगतो’ हेसुद्धा मला चालतं, जर खरंच बघून सांगितलं तर. ज्याच्याकडे काही वाण ‘या वर्षी शिल्लक नाही’ असे असतात त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसतो, कारण बी हंगामात पिकतं आणि संपतं.

परदेशातून मागवताना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि आपल्या देशाचे आयातीचे नियम आधी तपासा. ‘भेटकार्ड’ किंवा ‘दागिने’ अशी खोटी चिठ्ठी लावून बी पाठवणारा विक्रेता टाळा, बी कितीही चांगलं असलं तरी.

आणि पहिली मागणी लहान ठेवा. ज्यांची उगवण तुम्हाला पाठ आहे अशी दोन-तीन पाकिटं, त्यांची चाचणी, मग पुढचं.

तक्रार करताना

‘तुमचं बी खराब आहे’ एवढंच लिहिलं की उत्तर येतं ‘पाणी जास्त झालं असेल’. त्याऐवजी मोजून लिहा. मी कांद्याच्या पाकिटाबद्दल असं लिहिलं होतं: “लॉट नंबर अमुक. पाकीट मिळालं त्याच दिवशी २० बिया ओल्या कागदावर लावल्या, खोलीचं तापमान २२ ते २५ अंश. १४ दिवसांत २ उगवल्या. सोबत पाकिटाचा, पहिल्या दिवसाचा आणि चौदाव्या दिवसाचा फोटो. त्याच डब्यात दुसऱ्या विक्रेत्याच्या २० बिया होत्या, त्यातल्या १७ उगवल्या.” ते शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं. माझं पाणी, माझी खोली, माझा कागद ठीक होता हे त्यातून सिद्ध होतं. म्हणून शक्य तेव्हा शेजारी एक ओळखीचं, चांगलं बी लावाच. आणि हे सगळं परताव्याची मुदत संपायच्या आत करा.

ते दुकान छोटं होतं. दोन दिवसांनी तिथून उत्तर आलं की आम्ही आमच्याकडच्या त्याच लॉटच्या ५० बिया लावल्या आहेत, दोन आठवडे द्या. सोळाव्या दिवशी त्यांनी ट्रेचा फोटो पाठवला, ५० पैकी ७. तो लॉट त्यांनी विक्रीतून काढला, मला नव्या लॉटचं पाकीट पाठवलं आणि त्यावर पेनाने चाचणीची तारीख लिहून दिली. त्या पाकिटातल्या २० बियांपैकी १८ उगवल्या. तेव्हापासून माझा कांदा तिथूनच येतो, आणि पाकीट आलं की पहिल्या दिवशी डबा आजही लावते.